आजार, ओळख आणि संवाद : संशोधनाला उतरण्याआधी विद्यार्थ्यांनी काय ठरवावे

आपल्या दुखण्याविषयी माणसे कोणाशी बोलतात, कोणत्या शब्दांत बोलतात आणि कोणापुढे गप्प बसतात, यावर त्यांची जात, जमात, लिंगभाव, वय आणि पोटापाण्याचा धंदा यांचा मोठा प्रभाव असतो. समाजशास्त्र, समाजकार्य, मानसशास्त्र, जनसंवाद अशा अनेक विभागांतले विद्यार्थी प्रकल्पासाठी हा विषय निवडतात आणि जवळपास सगळेच त्याच प्रश्नांपाशी अडतात. नुसती प्रश्नावली भरून घ्यायची असेल तर परवानगी लागते का? सही मिळाली म्हणजे संमती मिळाली का? नाव बदलले की गुप्तता पाळली गेली का? या प्रश्नांची उत्तरे प्रबंध लिहिताना शोधून उपयोग नाही. ती विषय ठरवतानाच हवीत. एखाद्या बाईचा आजार तिच्या वस्तीत एकदा कळला की तो परत झाकता येत नाही.

आजार मोजू नका, त्याविषयीचे बोलणे अभ्यासा

डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमध्ये ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र जेमतेम ८ टक्के होत्या. हे वाचून आपणही एखाद्या वस्तीतले आजार मोजावेत असे विद्यार्थ्याला वाटू लागते. पण त्या अभ्यासामागे डॉक्टर होते, प्रयोगशाळा होती, आणि आजार सापडल्यावर उपचाराची सोय होती. सहा महिन्यांच्या प्रकल्पात यातले काहीच नसते. ‘तुम्हाला त्रास आहे’ एवढे सांगून निघून जाणे हे संशोधन म्हणून कच्चे आणि माणूस म्हणून वाईट.

त्याच आकड्यांमागचा दुसरा प्रश्न विद्यार्थ्याच्या आवाक्यातला आहे. इतक्या बायकांना त्रास होता, तर तो त्यांनी आजवर कोणाला सांगितला होता? सासूला, जावेला, दाईला, की कोणालाच नाही? राणी बंग यांचे ‘कानोसा’ हे पुस्तक या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. संवादाच्या विद्यार्थ्याने रोगनिदानाच्या वाटेला जाऊ नये. सांगणे, न सांगणे, ऐकणे आणि उडवून लावणे हेच त्याचे क्षेत्र. एवढे पक्के ठरले की पुढच्या अर्ध्या अडचणी उभ्याच राहत नाहीत.

विषय लहान करण्याची रीत

‘महाराष्ट्रातील ऊसतोड महिलांचे आरोग्य’ हा विषय एका विद्यार्थ्याच्या हातात मावत नाही. तो असा लहान करता येतो : ‘एका साखर कारखान्याच्या तळावर कोपी करून राहणाऱ्या विवाहित स्त्रिया पाळीच्या तक्रारी कोणाला आणि केव्हा सांगतात’. आता माणसे ठरली, जागा ठरली, हंगाम ठरला. या कामात नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते आणि एका दिवसाचा खाडा पडला तरी पैसे कापले जातात. त्यामुळे ‘दुखते आहे’ हे सांगण्याची किंमत इथे रोख रकमेत मोजावी लागते. आरोग्य, ओळख आणि संवाद हे तिन्ही धागे या एका प्रश्नात येऊन मिळतात, ते वेगवेगळे जोडण्याची खटपट करावी लागत नाही.

निवडलेल्या विषयाला पुढील कसोट्या लावून पाहा :

- समोरची व्यक्ती ‘नाही’ म्हणाली तर तिचे काही नुकसान होईल का? नुकसान होण्याची शक्यता असेल, तर माणसे गाठण्याचा मार्ग बदला.
- विचारायचा प्रश्न तुमच्या घरच्या माणसाला कोणी परक्याने विचारला तर चालेल का?
- उत्तर देताना ती व्यक्ती रडू लागली किंवा घाबरली, तर पुढे काय करायचे हे ठरले आहे का?

यातल्या पहिल्या कसोटीलाच बहुतेक विषय अडकतात.

परवानगी कोणाची आणि केव्हा

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे फक्त औषधांच्या चाचण्यांसाठी आहेत असा सार्वत्रिक समज आहे, आणि तो चुकीचा आहे. आरोग्याशी संबंधित सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनावर त्यांत स्वतंत्र प्रकरण आहे. माणसांना सहभागी करून घेणारे आरोग्यविषयक संशोधन विद्यार्थ्याचे असले तरी ते नैतिकता समितीपुढे जाणे अपेक्षित असते. सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांनी यांच्या जोडीला मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने २००० साली तयार झालेली तत्त्वेही पाहावीत. ती याच क्षेत्रासाठी लिहिलेली आहेत.

समितीपुढे प्रस्ताव तीन वाटांनी जातो. जोखीम नगण्य असेल आणि माहितीवरून माणूस ओळखता येत नसेल तर पडताळणीतून सूट मिळते. जोखीम अल्प असेल तर जलद पडताळणी होते. बाकीचे प्रस्ताव पूर्ण बैठकीत जातात. अल्पवयीन, आदिवासी, तृतीयपंथी, मनोरुग्ण अशा गटांशी संबंधित प्रस्ताव बहुधा पूर्ण बैठकीतच येतात, म्हणून त्यासाठी वेळ राखून ठेवा. सूट मिळावी की नाही हे समिती ठरवते, विद्यार्थी किंवा मार्गदर्शक नव्हे. ‘आमचा विषय साधा आहे, म्हणून अर्जच केला नाही’ हे कारण पुढे टिकत नाही. शिवाय मुलाखती आधी घेऊन परवानगी मागाहून मिळवण्याची सोयच नाही.

महाविद्यालयात समिती नसेल तर विद्यापीठाकडे विचारणा करावी, किंवा संस्थेमार्फत लेखी व्यवस्था करून दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे प्रस्ताव पाठवावा. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सा चाचण्या नियमांनुसार जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधन तपासणाऱ्या समित्यांना केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करावी लागते. आपला प्रस्ताव तपासणारी समिती नोंदलेली आहे का, हे विचारण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे. समितीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा एक सामान्य सदस्यही असतो. त्याला संमतिपत्रक समजले नाही तर वस्तीत ते कोणालाही समजणार नाही, तेव्हा समितीपुढे मराठी प्रतही जरूर ठेवा.

जागेची परवानगी वेगळी आणि माणसाची संमती वेगळी. शाळेत मुख्याध्यापक, प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी, तळावर कारखाना आणि मुकादम यांना विचारावे लागते. त्यांचा होकार म्हणजे तुम्हाला आत येऊ दिले, इतकेच. हा फरक न पाळल्याचा परिणाम २००९–१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात दिसला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीच्या प्रकल्पात १० ते १४ वर्षांच्या मुलींना लस दिली गेली. त्यांत आदिवासी वसतिगृहांतल्या मुलीही होत्या. अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१० मध्ये तो प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. तो लशीचा प्रकल्प होता आणि तुमच्याकडे फक्त प्रश्नावली आहे हे खरे, पण आश्रमशाळेत जाऊन वर्गशिक्षकांकडून पन्नास अर्जांवर एकगठ्ठा सही घेणे हे त्याच जातीचे काम आहे.

संमतिपत्रक : सहीच्या आधीचे बोलणे

संमतिपत्रक एका पानात मावावे आणि मोठ्याने वाचून दाखवता यावे. त्यात पुढील गोष्टी असाव्यात :

- तुम्ही कोण, कोणत्या संस्थेत शिकता, हे कशासाठी करता. यातून सरकारी योजना, औषध किंवा नोकरी मिळणार नाही हेही स्पष्ट
- साधारण किती वेळ लागेल आणि कोणत्या प्रकारचे प्रश्न असतील
- एखादा प्रश्न सोडण्याचा, मध्येच थांबण्याचा आणि नंतर ठरावीक तारखेपर्यंत माहिती मागे घेण्याचा हक्क
- ध्वनिमुद्रणाला वेगळा होकार. मुद्रण नको म्हटले तरी मुलाखत होऊ शकते हे सांगणे
- माहिती कोण पाहील, कुठे राहील, केव्हा नष्ट होईल
- गुप्तता कोणत्या प्रसंगी पाळता येणार नाही
- तक्रार करायची तर मार्गदर्शक आणि समिती यांचा संपर्क

कागदावर सही किंवा अंगठा देण्याची भीती अनेक ठिकाणी खरी असते. उचल घेताना, कर्ज काढताना, जमीन जाताना लोकांनी अंगठे दिलेले असतात. अशा ठिकाणी समितीची आधी मान्यता घेऊन तोंडी संमती नोंदवता येते. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी साक्षीदार हवा, आणि तो संशोधनाशी संबंध नसलेला हवा. मुकादम साक्षीदार चालत नाही. नवराही शक्यतो नको.

१८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार ७ ते १२ या वयात तोंडी आणि १२ ते १८ या वयात लेखी होकार घेतला जातो. पालक ‘हो’ म्हणाले आणि मुलगी मान खाली घालून बसली, तर तिचा नकार आहे असे धरावे. उलट, काही विषयांत पालकांना सांगणे हेच मुलीला धोक्याचे ठरू शकते. तिथे काय करायचे हे समितीला विचारावे, परस्पर ठरवू नये.

बुडालेल्या मजुरीची किंवा प्रवासखर्चाची भरपाई देणे गैर नाही. ती इतकी मोठी नसावी की पैशासाठी कोणी मनाविरुद्ध बोलेल. सर्वांत सोपा उपाय म्हणजे कामाच्या वेळी न जाणे.

आशाताईंविषयी एक सूचना. गावात शिरण्याचा तो सोपा मार्ग वाटतो, कारण त्यांना घरन् घर माहीत असते. पण आशाताई घेऊन आल्या की बाईला ‘नाही’ म्हणणे अवघड होते, उद्या गरोदरपणात त्यांचीच गरज पडणार असते. त्यांच्याकडून वस्तीची ओळख करून घ्यावी, घरे मात्र त्यांच्या मागोमाग फिरून निवडू नयेत. त्यांचा मोबदला बराचसा कामागणिक ठरतो, याचेही भान ठेवावे. तुमच्यासोबत घालवलेला दिवस त्यांच्या कमाईतून जातो.

ओळख विचारताना

जात, धर्म, लिंगभाव हे रकाने प्रश्नावलीत सवयीने येतात. विश्लेषणात एखाद्या रकान्याचा उपयोग नसेल तर तो काढून टाकावा. उपयोग असेल तर व्यक्ती स्वतःविषयी जे सांगेल ते लिहावे. आडनावावरून जात ठरवणे, पेहरावावरून लिंगभाव ठरवणे ही संशोधनातली चूक तर आहेच, शिवाय तो अपमानही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. प्रश्नावलीत ‘पुरुष, स्त्री, इतर’ एवढेच लिहून ‘इतर’मध्ये सगळ्यांना ढकलण्यापेक्षा मोकळी ओळ सोडणे बरे.

काही समाजांच्या बाबतीत नोंद करणे हीच दुखरी गोष्ट आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक समाजांवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, ‘विमुक्त’ हे नाव आले, तरी पोलिसांच्या नजरेतला संशय गेला नाही. पारधी वस्तीत वही-पेन घेऊन नावे, वये, कामधंदा विचारणारा तरुण लोकांना आधी कोणाची आठवण करून देतो, याचा विचार तिथे जाण्यापूर्वी व्हायला हवा.

अहवालातले शब्दही ओळख घडवतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली. प्रश्न पुढे येणे आवश्यकच होते. त्याच वेळी काही बातम्यांनी एका गावाला ‘गर्भाशय नसलेल्या बायकांचे गाव’ करून टाकले, आणि तिथल्या प्रत्येक बाईच्या शरीराविषयीचा अंदाज सगळ्या देशाला मोकळा झाला. (त्या गावाचे नाव इथे लिहिलेले नाही ते त्यामुळेच.) प्रबंधाचे शीर्षक ठरवताना हे उदाहरण जवळ ठेवा.

प्रश्न कोणत्या बोलीत

इंग्रजी प्रश्नावलीचे शब्दशः भाषांतर करून नेले तर उत्तरे मिळतात, पण ती दुसऱ्याच प्रश्नाची असतात. ‘तुम्हाला नैराश्य जाणवते का’ याला ‘नाही’ म्हणणारी बाई ‘जीव लागत नाही’, ‘डोक्याला टेन्शन आहे’ हे सहज सांगते. पाळीला घराघरांत वेगळे शब्द आहेत, पांढरे जाण्याची तक्रार आडवळणानेच सांगितली जाते. आधी चार-पाच जणींशी मोकळे बोलावे, त्यांचे शब्द टिपावेत, मग प्रश्न लिहावेत, आणि ते पुन्हा दुसऱ्या चार-पाच जणींवर तपासावेत.

गोंडी, माडिया, कोरकू, भिली बोलणाऱ्या भागात दुभाषा लागतो. तो कोण आहे यावर उत्तरे बदलतात. मेळघाटात भुमकाकडे, म्हणजे पारंपरिक उपचार करणाऱ्याकडे, जाण्याविषयी विचारायचे असेल आणि दुभाषा आरोग्य विभागाचा कर्मचारी असेल, तर ‘आम्ही दवाखान्यातच जातो’ हेच ऐकायला मिळेल. दुभाष्यानेही गुप्ततेच्या लेखी हमीवर सही करावी.

मानसिक आरोग्यावरच्या प्रकल्पांत पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची तयार मापनश्रेणी सर्रास वापरली जाते. ती वापरायला परवानगी किंवा शुल्क लागत नाही, म्हणून ती सोयीची वाटते. तिचा नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. ऑनलाइन अर्जातून ती दोनशे जणांना पाठवली आणि त्यांपैकी काहींनी या प्रश्नाला ‘जवळपास रोज’ असे उत्तर दिले, तर विद्यार्थी काय करणार? अर्ज निनावी असेल तर माणूस सापडतच नाही. उत्तराला प्रतिसाद देण्याची व्यवस्था नसेल तर ही श्रेणी वापरू नये. ताणाविषयी माणसे कोणाशी बोलतात एवढेच जाणून घ्यायचे असेल, तर तिची गरजही नाही. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक सहभागी व्यक्तीला द्यावा. तो मात्र व्यवस्थेला पर्याय ठरत नाही.

गुप्तता कुठे फुटते

नाव बदलणे पुरेसे नाही. ‘एका लहान गावातील माजी सरपंच, वय ४२, विधवा’ एवढ्यावरून तालुक्यातल्या कोणालाही बाई ओळखता येते. गाव, पद, वय आणि कौटुंबिक स्थिती यांपैकी दोन-तीन तपशील धूसर करावेत आणि तसे केल्याचे प्रबंधात नमूद करावे. एरवीच्या चुका बहुतेक मोबाइलमध्ये होतात :

- ऑनलाइन अर्जात ईमेल पत्ते आपोआप गोळा होण्याची सोय चालू राहणे
- मुलाखतीचे ध्वनिमुद्रण मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लिहून दे’ म्हणून पाठवणे
- तेच मुद्रण फुकटच्या लिप्यंतर अ‍ॅपवर चढवणे. असे केले की ते तुमच्या ताब्यात राहत नाही
- सादरीकरणात वस्तीचे छायाचित्र, त्यात चेहरे

रुग्णांच्या किंवा त्यांच्या नातेवाइकांच्या समाजमाध्यमांवरील बंद गटात सदस्य म्हणून शिरून तिथले संदेश उचलणे हा सर्रास होणारा प्रकार आहे. तो गट सार्वजनिक जागा नाही. गटचालकांची परवानगी आणि ज्यांचे संदेश घ्यायचे त्यांची संमती हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे खरी, पण ती अटींसह आहे. त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेता येत नाही आणि ठरवून दिलेली मानके पाळावी लागतात.

एचआयव्हीसंबंधी काम करणाऱ्यांनी २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा वाचूनच पुढे जावे. संबंधित व्यक्तीच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय तिची स्थिती उघड करण्यास त्यात मनाई आहे. एखाद्या केंद्राबाहेर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना गाठणे यातही ती उघड होऊ शकते.

गुप्ततेचे वचन कायद्याने मोडावे लागते असा प्रसंग मुलांच्या बाबतीत येतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली, तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. सतरा वर्षांच्या मुलीने आपले प्रेमसंबंध विश्वासाने सांगितले तरी हा कायदा आडवा येऊ शकतो. म्हणून किशोरवयीनांना लैंगिक अनुभव विचारणारा प्रकल्प पदवीच्या पातळीवर घेऊ नये हे बरे. त्यांना माहिती कुठून मिळते, शाळेत काय शिकवले जाते, काय गाळले जाते, यावर भरपूर काम करता येते.

वस्तीत न जाताही

वेळ कमी असेल, समिती मिळत नसेल किंवा विषय फारच नाजूक असेल, तर कागदपत्रांवर चांगला प्रकल्प होतो. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ ते १९५३ असे चालले. त्यातल्या वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून त्या काळातले मराठी वाचक लैंगिक आरोग्याविषयी काय विचारू धजत होते हे कळते. अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ मध्ये कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली होती, तो धागाही आहे. वृत्तपत्रांतल्या औषधांच्या जाहिराती आणि १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा शेजारी ठेवून वाचले तर जनसंवादाच्या विद्यार्थ्याला सत्रभराचे काम मिळते. आकडेवारीत रस असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९–२१) आहे. तिचे राज्यनिहाय आणि जिल्हानिहाय अहवाल खुले आहेत.

विद्यार्थ्याचे स्वतःचे हक्क

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. त्यापुढे पायरीपायरीने कारवाई वाढते आणि ६० टक्क्यांवर नोंदणी रद्द होऊ शकते. साम्यतपासणीचा अहवाल मागून घ्यावा. मार्गदर्शकाशी लेखनश्रेयाचा मुद्दा काम सुरू होण्याआधी बोलून ईमेलवर नोंदवून ठेवावा. ‘एवढ्या मुलाखती आठ दिवसांत आण’ असा आग्रह झाला तर नमुना लहान करण्याची विनंती लेखी करावी. खोट्या भरलेल्या प्रश्नावल्यांचा उगम बहुतेक वेळा अशाच घाईत असतो. मार्गदर्शन मिळत नसेल किंवा छळ होत असेल तर २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल आहे. लैंगिक छळाची तक्रार संस्थेच्या अंतर्गत समितीकडे जाते.

क्षेत्रकार्याला एकट्याने जाऊ नये, जाण्या-येण्याची वेळ कोणाला तरी कळवावी. दिवसभर दुःख ऐकून स्वतःला त्रास होतो, तो मार्गदर्शकाला सांगणे हा कमकुवतपणा समजू नये. त्यासाठी वेळापत्रकात मोकळे दिवस ठेवावेत.

प्रबंध दिल्यानंतर

ज्यांनी वेळ दिला त्यांच्याकडे एकदा परत जाऊन काय सापडले ते त्यांच्या बोलीत सांगावे. ऊसतोडीच्या बाबतीत त्यासाठी तळावर नव्हे, हंगाम संपल्यावर गावी जावे लागेल. सांगताना सगळ्यांचे मिळून जे दिसले तेच सांगावे, कोणी काय म्हटले ते नव्हे. आरोग्य केंद्राला किंवा संस्थेला दोन पानांचा सारांश द्यावा. कच्ची माहिती मागितली तर ती संमतिपत्रकात लिहिले असेल तरच द्यावी. ठरलेल्या तारखेला ध्वनिमुद्रणे मोबाइल, संगणक आणि ऑनलाइन साठा अशा तिन्ही ठिकाणांहून पुसावीत आणि पुसल्याची लेखी नोंद विभागात द्यावी.